यवतेश्वरचा चढ आणि दातांचा भागाकार

पत्र थोडक्यात असं: सातारा शहरात राहणाऱ्या एक जिल्हा परिषद शिक्षिका लिहितात. वय ३९, उंची पाच फूट दोन इंच, वजन ५८ किलो. दोन वर्षांपासून साध्या सायकलवर रोज सकाळी फिरतात. आता कास, ठोसेघर, चाळकेवाडीचं पठार आणि एकदा तरी सातारा ते म्हसवड असं लांबचं जायचं मनात आहे. शाळा कोरेगावच्या बाजूला १४ किलोमीटरवर, त्यातले शेवटचे तीन किलोमीटर पाणंद. भिशीचे चाळीस हजार हातात आलेत आणि लांब पल्ल्याच्या क्रॉस-कंट्रीसाठी माउंटन बाइक घ्यायची आहे. दुकानदार २९ इंची चाकाची, १८ इंची फ्रेमची सायकल दाखवतो. उंच वाटते म्हटलं तर ‘सवय होते मॅडम’ म्हणतो, वर सूटही देतोय. पुण्यात शिकणारा भाचा म्हणतो, डबल शॉकअपचीच घे. शाळेतले एक सहकारी भावाची सहा वर्षं वापरलेली २६ इंची सायकल पंधरा हजारांत द्यायला तयार आहेत. आणि यजमान म्हणतात, एवढ्यात स्कूटीचं डाउनपेमेंट होईल. शेवटचं वाक्य: “कुणाचं ऐकू?”

ताई,

तुमच्या पत्रात चार जणांची मतं आहेत. त्यात तुमच्या उंचीचा विचार एकानंही केलेला नाही. तिथूनच सुरुवात करू.

दुकानदार म्हणतो ती सवय मला झालेली आहे. माझी पहिली गिअरची सायकल मी पन्नाशीला टेकल्यावर घेतली, तीही ‘शेवटचा पीस आहे’ म्हणून. फ्रेम माझ्या मापापेक्षा दोन नंबर मोठी. हँडल लांब पडायचं, म्हणून सगळा भार तळहातांवर. मेढ्याला पोचेपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असं बधिर व्हायचं, की टपरीवर चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागे. मला वाटायचं, वयाचं असेल. दीड वर्षानं ती निम्म्या किमतीत एका सहा फुटी मुलाला विकली. त्याला ती फार छान बसली.

तेव्हा दुकानात जायच्या आधी घरी एक काम करा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, पायांत वीतभर अंतर. पुठ्ठ्याच्या बांधणीचं हजेरीपत्रक दोन्ही पायांच्या मध्ये घाला, त्याची पाठ वर आणि कड भिंतीला टेकलेली. सीटवर बसल्यासारखं वाटेल इतकं घट्ट वर ओढा आणि कुणाला तरी भिंतीवर खूण करायला सांगा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंत सेंटिमीटर मोजा. तुमच्या उंचीला हे माप बहुधा ७२ ते ७५च्या दरम्यान येईल. सायकलचा आडवा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन जमिनीवर उभं राहिलं की दांडा आणि तुम्ही यांच्यात निदान तीन-चार सेंटिमीटर मोकळे हवेत. पाणंदीत चाक चाकोरीत अडकलं आणि तुम्ही सीटवरून पुढे घसरलात, तर हेच तीन-चार सेंटिमीटर कामी येतात. १८ इंची फ्रेमवर ते मिळणार नाहीत. तुम्हाला ‘स्मॉल’ माप लागेल, म्हणजे १५ इंचांच्या आसपासची फ्रेम. कंपनीगणिक आकडा थोडा बदलतो, म्हणून फ्रेमवरच्या आकड्यापेक्षा दांडा पायांत घेऊन उभं राहून पाहणं खरं.

चाकाचं म्हणाल तर २९ इंची चाक खड्ड्यावरून सहज जातं, वेग धरून ठेवतं, हे खोटं नाही. पण लहान फ्रेममध्ये ते कोंबलं की हँडल उंच होतं आणि वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. म्हणून काही कंपन्या लहान फ्रेमला मुद्दाम २७.५ची चाकं देतात आणि मोठीला २९ची. तुम्ही २७.५ घ्या. लहान मापात २९ची एखादी अंगाला नीट बसली, तर ती घ्यायलाही हरकत नाही, पण शोधत बसू नका.

आता तुमच्या एका शब्दाकडे येते. ‘लांब पल्ल्याच्या क्रॉस-कंट्री राइड’ असं तुम्ही लिहिलंय. सायकलवाल्यांच्या भाषेत क्रॉस-कंट्री म्हणजे मुलूख ओलांडून दूर जाणं नव्हे. तो माउंटन बाइकिंगचाच एक प्रकार: माती, दगड, मुळं, छोटे चढ-उतार. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तो आला आणि आजकाल ती शर्यत दीड तासाच्या आसपास आटपते. लांब पल्ला ही वेगळी गोष्ट. सातारा ते म्हसवड हा जवळजवळ सगळा डांबरी रस्ता आहे. कासही डांबरी, ठोसेघरही डांबरी. आपल्याकडे डोंगर आहे म्हणून माउंटन बाइक, असा हिशोब अनेक जण करतात, पण या सायकलीचा संबंध उंचीशी नसून रस्ता फुटलेला किंवा मुळात नसण्याशी आहे. नुसता घाट चढायचा असेल तर हायब्रिड सायकल, म्हणजे सरळ हँडल, जरा बारीक टायर, बिनशॉकअपचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), कासच्या वाटेवरचं यवतेश्वर जास्त हलक्यानं चढेल.

म्हणून एका कागदावर तुमचा आठवडा मांडा. स्वप्नातला नको, खरा. तुमच्या पत्रावरून मी मांडून पाहिला. शाळेला आठवड्यातून तीनदा सायकलनं गेलात तर ८४ किलोमीटर, त्यातले १८ पाणंदीतले. रविवारी कास धरलं तर जाऊन-येऊन पन्नासेक, सगळे डांबरी. म्हणजे माती सात-आठात एक हिस्सा. एवढ्यावर पाहिलं तर हायब्रिडच म्हणावी लागेल. पण ती पाणंद पावसाळ्यात कशी होते ते तुम्हालाच ठाऊक. काळी माती, वर उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. शिवाय चाळकेवाडीच्या सड्यावर तुम्हाला जायचंय. पवनचक्क्यांच्या मधून जाणारे ते तांबडे कच्चे रस्ते हीच आपल्याकडची खरी क्रॉस-कंट्री, आणि तिथं बारीक टायर घेऊन गेलेल्याला मी ढकलत परत येताना पाहिलंय. म्हणून तुमच्या बाबतीत माझं मत माउंटन बाइककडेच झुकतं. फक्त टायर जरा कमी खरबरीत, मधली पट्टी सलग असलेले घ्या, दोन इंचांच्या आसपास रुंद. हे पत्र वाचणाऱ्या इतर कुणाच्या आठवड्यात पाणंदच नसेल, तर त्यांनी हायब्रिड बघावी आणि वाचलेला दम ठोसेघरला वापरावा.

भाच्याचं डबल शॉकअप एका वाक्यात निकालात काढते: चाळीस हजारांत मिळणारी डबल शॉकअप म्हणजे दोन स्प्रिंगा लावलेलं वजन, चढावर तुमची बरीच ताकद मागची स्प्रिंग खाते. भाचा पुण्याहून आला की त्याला ती यवतेश्वरला चढवायला सांगा.

पुढच्या शॉकअपबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण हलक्या वजनाच्या बायकांना हे कुणी सांगत नाही. या किमतीत बहुतेक फोर्क स्प्रिंगचे असतात आणि त्यातली स्प्रिंग मध्यम वजनाच्या पुरुषाला धरून बसवलेली असते. ५८ किलोच्या माणसाखाली ती पुष्कळदा हलतच नाही. म्हणजे अडीच किलोच्या आसपासचा फोर्क घाटभर वागवायचा आणि खड्डा मनगटालाच खावा लागायचा. दुकानात तपासायची युक्ती सोपी आहे. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक रबर बँड बांधा आणि खाली सरकवून ठेवा. मग हलकेच सायकलवर बसा, नेहमीसारख्या वाका आणि उतरा. फोर्क १०० मिलिमीटर दबणारा असेल तर रबर बँड २० ते २५ मिलिमीटर वर सरकलेला दिसायला हवा. पाचच सरकला तर ती स्प्रिंग तुमच्यासाठी नाही. वरची प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंगचा ताण बदलायची टोपी पूर्ण सैल करून पुन्हा बघा. हवेचा फोर्क असेल तर पंपानं आपल्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येतो, पण तो तुमच्या बजेटमध्ये क्वचितच बसेल. लॉकआउट मात्र हवाच. ती कळ फिरवली की फोर्क घट्ट होतो आणि चढावर डुलत नाही.

आता भागाकार. तुम्ही शिक्षिका आहात, मला सोपं जाईल.

दुकानदार ‘२१ गिअर’, ‘२४ गिअर’ असं सांगतो. तो आकडा विसरा. विचारा, पुढच्या सगळ्यात लहान चक्राला दाते किती आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला किती. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. स्वस्तातल्या २१ गिअरवाल्यांत पुष्कळदा पुढे २४ आणि मागे २८ असतात: ०.८६. जरा बऱ्या सायकलीत पुढे २२, मागे ३४: ०.६५. २७.५च्या चाकाचा परीघ साधारण २.१५ मीटर. म्हणजे पॅडलच्या एका पूर्ण फेऱ्यात पहिली सायकल १.८४ मीटर जाते, दुसरी १.३९. मिनिटाला साठ फेरे या निवांत गतीनं पहिलीला ताशी ६.६ किलोमीटरचा वेग राखावा लागतो, दुसरी पाचवर भागवते. घाटाच्या कडक वळणावर हा दीड किलोमीटरचा फरक गुडघ्यांना कळतो. वेग राखता आला नाही की फेरे चाळीसवर येतात आणि प्रत्येक फेरा जिना चढल्यासारखा होतो. सातारा शहर साधारण ७०० मीटरवर, कास १२००च्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा यवतेश्वरपर्यंतच चढायचा आहे. तेव्हा भागाकार ०.७५च्या वर असेल तर मी ती सायकल हातात घेणार नाही. पुढे एकच चक्र असलेली नवी पद्धत चालेल, पण तिथंही भागून बघा. ३२ भागिले ४२ म्हणजे ०.७६. काठावर नापास.

हे गणित करून मी एकदा दुकानात उभी होते, तर मालक म्हणाला, “मावशी, गिऱ्हाईक रंग बघतं.” खरंच असेल.

गिअरच्या यंत्रावर शिमानोचं नाव असतं, पण त्यातही पायऱ्या आहेत. टूर्नी खालची, मग अल्टस, एसेरा, अलिव्हिओ, मग डिओर. २०२३पासून क्यूज नावाची नवी मालिकाही आलीय. तुमच्या पैशात अल्टस किंवा एसेरा मिळाली तर उत्तम. त्याहून महत्त्वाचा प्रश्न: मागचं चाक फ्रीव्हीलचं (चक्रांचा अख्खा गठ्ठा आट्यांनी फिरवून बसवलेला) की कॅसेटचं (चक्रं चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे हबवर, सरकवून बसवलेली)? फ्रीव्हीलमध्ये बेअरिंग आसाच्या टोकापासून आत असतं, त्यामुळे खड्ड्यांतून सामान घेऊन जाताना उजव्या बाजूचा आस वाकतो, कधी तुटतो. म्हसवडच्या वाटेवर हे झालं तर कुठलाच पंक्चरवाला काही करू शकणार नाही. कॅसेटचा हब हवा, असं स्पष्ट सांगा. दुकानदाराला फरक सांगता येत नसेल तर दुकान बदला.

ब्रेक डिस्कचे असतीलच. तारेचे डिस्क ब्रेक गावातला मिस्त्रीही ओढून देतो, तेलाच्या ब्रेकचं काम जाणकाराकडेच द्यावं लागतं. तरी तुमच्यासाठी मी तेलाचेच म्हणेन, कारण तुमचा हात लहान असणार आणि कासहून उतरताना तारेचे ब्रेक दाबून बोटं आखडतात. लिव्हर हँडलच्या जवळ घेण्याचा छोटा स्क्रू असतो, तो फिरवून घ्या. आणि उतारावर ब्रेक धरून ठेवू नका, दाबा-सोडा करत या.

सहकाऱ्यांच्या जुन्या सायकलीला मी हसणार नाही. चांगली वापरलेली जुनी सायकल नव्या स्वस्त सायकलीपेक्षा पुष्कळदा सरस असते. २६ इंची ट्यूब-टायर अजून मिळतात. चांगले फोर्क आणि रिम मात्र त्या मापात कमी होत चाललेत. ती बघायला जाताना शाळेतली बारा इंची फूटपट्टी न्या. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि तिच्या पुढची चोविसावी पिन मोजा. नवी चेन असेल तर ती बरोबर १२ इंचांवर येते. दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदलायला झाली, तीन मिलिमीटर गेली असेल तर चेनबरोबर कॅसेटही गेली. त्याचे पैसे पंधरा हजारांत मिळवा. मग चाक उचलून फिरवा, डोलतंय का पाहा, आणि फ्रेमच्या जोडांवर बोट फिरवून भेग शोधा. पण हे सगळं भावाची उंची विचारल्यानंतर. तो पाच फूट नऊ असेल तर फूटपट्टी न्यायचे कष्टही नकोत.

चाळीस हजारांची सायकल घेऊ नका. तीस-बत्तीसपर्यंत सायकल आणि उरलेल्यात हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पानासंच, बाटलीचा स्टँड, कुलूप आणि पॅड असलेली सायकलिंगची पँट. ही पँट आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते. मला हे कळायला सहा महिने आणि बरेच व्रण लागले. त्यावर सैल ट्रॅकपँट किंवा कुर्ता चालतो. सीट बदलावी लागेल हे गृहीत धरा. बहुतेक सायकलींवरची सीट बायकांच्या बैठकीच्या हाडांना अरुंद पडते. जेलचं मऊ कव्हर घालण्यानं दुखणं वाढतं, कारण हाडं रुततात आणि भार नको त्या ठिकाणी येतो. रुंद, जरा कडक, मध्ये खाच असलेली सीट बघा. सीटची उंची अशी: पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. सायकल चालवताना चवडा ठेवाल, तेव्हा तो आपोआप थोडा वाकलेला राहील.

म्हसवडबद्दल दोन गोष्टी. पावसाळी दिवसांत वारा पश्चिमेचा. जाताना तुम्हाला वाटेल आपण काय जोरात आहोत, आणि म्हसवडवरून तोंड फिरवलं की कळेल जोर कुणाचा होता. जाऊन-येऊन करायचं तर थंडीत करा, पहाटे निघून. दुसरं म्हणजे काटे. माण-खटावात सायकल रस्त्याच्या कडेला उतरवली की बाभळीचा काटा नाही तर सराटा ठरलेला. ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, भरून घ्या आणि स्वतः पंक्चर काढायला घरच्या अंगणात दोनदा शिका. हवा पेट्रोल पंपावर भरू नका, तिथला मुलगा मोटरसायकलच्या हिशोबानं भरतो. तुमच्या वजनाला डांबरावर ३५ ते ४० पीएसआय, पाणंदीत ३०च्या खाली चालेल.

अंतर हळू वाढवा. आधी माहुलीचा पूल ओलांडून कोरेगाव, मग पुसेगाव. कासच्या पुढे बामणोलीला मात्र घाईनं जाऊ नका. शिवसागर जलाशय खाली आहे, म्हणजे जाताना मजा आणि परतताना पाय थकलेले असताना चढ. उद्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची हौस वाटली, तर २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि माउंटन बाइक चालते. खाण्याचं तुम्ही मला शिकवाल, तरी राजगिऱ्याचा लाडू आणि मीठ-साखरेचं लिंबू पाणी सोडू नका. कंदी पेढा परतल्यावर.

यजमानांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. घरात स्कूटी खरंच हवी असेल तर तो वेगळा हिशोब, तो दोघांनी बसून करावा. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात स्कूटीची गरज कुठंच दिसली नाही. ‘एवढे पैसे सायकलवर’ याचाच धक्का दिसला. भिशी तुम्ही भरली. परवानगी मागताय की मत, एवढं स्वतःशी ठरवा, कारण मत मागितलं तर ऐकून बाजूला ठेवता येतं. आणि जमलं तर त्यांना दुकानात बरोबर न्या, मागचं चाक उचलून धरायला माणूस लागतोच.

दुकानात जाताना चिठ्ठीवर लिहून न्या: पायाचं माप, स्मॉल फ्रेम, २७.५, कॅसेटचा हब, भागाकार ०.७५च्या आत, लॉकआउट, तेलाचे ब्रेक. खिशात रबर बँड. चालवून बघायला देणार नसतील तर निघा. देत असतील तर सपाट रस्त्यावर फेरी मारू नका, बोगद्याकडच्या चढावर न्या आणि सगळ्यात हलक्या गिअरवर बसल्या-बसल्या चढवा. सूटवाली १८ इंची सायकलही एकदा तशीच चढवून बघा, दुकानदाराच्या देखत.